जंगलातला व्हिलन कोण ठरवतं?

कुठलाही फँटसी गेम उघडा. नकाशाच्या कोपऱ्यात काळंकुट्ट जंगल आणि तिथली जमात जन्मजात लुटारू. दिसली की मारायची, पॉइंट्स घ्यायचे. गेमच आहे, मान्य. पण हीच स्क्रिप्ट आपल्याकडे चक्क कायदा होती! १८७१ मध्ये इंग्रजांनी अख्ख्या जमातींना 'गुन्हेगार' ठरवायचा कायदा केला. फासे लावून तितर-ससे पकडणारे पारधीही त्यात अडकले. गुन्हा करायची गरजच नाही, त्या घरात जन्मलात की झालं. १९५२ मध्ये कायदा गेला, शिक्का राहिला. आजही चोरी झाली की बोट आधी पालाकडेच.

आता गंमत बघा. २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालत एक वाघ आपल्या येडशी रामलिंग अभयारण्यात आला. त्यानं गुरं मारली, शेतकरी धास्तावले. तरी 'आपला वाघ' म्हणून त्याचे फोटो आपण स्टेटसला ठेवलेच ना? ठेवा की, तो आहेच देखणा. पण याच माळरानावर पिढ्यान्‌पिढ्या राहणारा पारधी मात्र अजून 'बाहेरचा'. वर्गात शेजारी बसलेल्याची जात कळल्यावर तुम्ही बॅग जवळ ओढली होती का?