एकाच द्राक्षाची दोन बारशी

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका वाचकांचे पत्र आले. त्यांचा छोटा वाइन बार आहे. इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरून आलेल्या मालाच्या यादीत त्यांना ‘शाक-त्रा’ हे नाव दिसले. वितरकाच्या माहितीपत्रकात त्यापुढे ‘गोड, जेवणानंतर’ असे छापले होते. त्यांनी ते तसेच मेनूकार्डावर उतरवले. शनिवारी एका टेबलाने गुलाबजामांसोबत ती मागवली. बूच निघाले आणि ग्लासात उतरली फिकट गुलाबी, ठणठणीत कोरडी वाइन. पाहुणे चिडले, बाटलीचे पैसे बिलातून वजा करावे लागले. ‘चूक कोणाची ते तरी छापा,’ असे ते लिहितात.

छापतो. पहिली चूक माहितीपत्रक लिहिणाऱ्याची. दुसरी, रागावू नका, तुमची. न चाखता कार्ड छापायचे नसते. पण मूळ दुखणे लिगुरियातच आहे, आणि ते या धंद्यातल्या प्रत्येकाला कधी ना कधी भोवणार आहे.

लिगुरियाच्या पश्चिम टोकाला, पोर्नास्सियोच्या डोंगरात, ऑर्मेआस्को पिकते. शेजारच्या पिएमोंतेत याच द्राक्षाला दोल्चेत्तो म्हणतात. त्याचा रस सालीवरून लवकर उतरवून जी रोझे करतात, ती ‘शाक-त्रा’. आणि पूर्वेच्या टोकाला चिंक्वे तेर्रेमध्ये बॉस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतिनोचे घड वाळवून जी गोड वाइन होते, ती ‘शाकेत्रा’. नोव्हेंबर लागल्याशिवाय ते वाळलेले घड चिरडायचे नाहीत असा नियम आहे, आणि क्विंटलमागे हाती लागतो जेमतेम ३०-३५ लिटर रस. म्हणून तिची किंमत तशी. एका राज्यात, एका ‘के’च्या फरकाने, रोझे आणि पासितो, म्हणजे वाळवलेल्या घडांची गोड वाइन! दोन्ही नावांना डीओसीचा, म्हणजे इटलीच्या मूळस्थान-हमीचा, शिक्का आहे. शिक्का मारणाऱ्याने दोन्ही कागद कधी एका टेबलावर ठेवून वाचले असतील असे वाटत नाही.

हे एवढ्यावर थांबत नाही. अल्बेंगाच्या आसपासचा पिगातो घ्या. पिकल्यावर मण्यांवर गंजासारखे ठिपके येतात, त्यावरून नाव पडल्याचे सांगतात. डीएनए तपासणीत पिगातो, वेर्मेंतिनो आणि पिएमोंतेची फावोरिता ही एकच जात निघाली. तरी ‘रिव्हिएरा लिगुरे दि पोनेंते’च्या नियमावलीत पिगातो आणि वेर्मेंतिनो आजही शेजारी शेजारी, दोन स्वतंत्र वाइन म्हणून नांदतात. तुम्ही दोन्ही आयात केल्या तर उत्पादन शुल्क खात्याकडे लेबलांची नोंदणी दोनदा, फी दोनदा. अल्बेंगाच्या बागायतदाराला ‘दोन्ही एकच की हो’ असे म्हणून पाहा, तो दार लावून घेईल. त्याचे अगदीच चुकते असेही नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पसंतीच्या वेलांच्या काड्या लावत गेल्यावर चवीत फरक पडतोच. पण मग तो फरक लेबलावर लिहा ना! बाटलीच्या मागे गावच्या मनोऱ्याचे चित्र काढून काय कळते?

रोस्सेसेची गंमत उलटी. दोल्चेआक्वाचा रोस्सेसे म्हणजे फ्रान्सच्या प्रोव्हाँसमधला तिबुराँ. काम्पोकिएझाचा रोस्सेसे मात्र वेगळीच जात. तिकडे एका द्राक्षाला दोन नावे, इकडे दोन द्राक्षांना एक. आणि ‘कोल्ली दि लुनी’ची हद्द तर लिगुरिया आणि तोस्काना अशा दोन राज्यांत पसरलेली. तेथे कोणता कागद कोणत्या कचेरीत न्यायचा, हे विचारायची आमची छाती नाही.

कागदाचा वेग कसा असतो तेही पाहा. चिंक्वे तेर्रेच्या बागा समुद्रावर कोसळणाऱ्या उतारावर, कोकणातल्या गडग्यासारख्या चुना-सिमेंटाविना रचलेल्या दगडी भिंतींच्या आधाराने उभ्या आहेत. मांडव इतका बुटका की आपल्यासारखे खाली ताठ उभे राहून घड तोडता येत नाहीत, रांगावे लागते. तोडलेल्या घडांचे क्रेट एका दातेरी रुळावरून सरकणाऱ्या इंजिनाच्या गाडीत चढवतात. ती खडखडत, मुंगीच्या चालीने डोंगर चढते. जेथे रूळ नाही तेथे माणसाची पाठ. अशा ‘वीर’ बागा जपाव्यात असे इटलीच्या कायद्यात डिसेंबर २०१६ मध्ये लिहिले गेले. वीर बाग कोणती, हे ठरवणारा आदेश निघाला जून २०२० मध्ये. उतार ३० टक्क्यांच्या वर आहे की नाही, हे लिहायला साडेतीन वर्षे! भिंतीतला एक दगड निसटला की मागची माती पुढच्या पावसाची वाट पाहते. ऑक्टोबर २०११ च्या पुरात वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो चिखलात बुडाले, तेव्हा ओस पडलेल्या बागांच्या पायऱ्यांनी काय केले हे त्या गावांना ठाऊक आहे.

वाचून हसला असाल तर आता आपल्याकडे या. आपल्याकडचा एक उत्पादक लेबलावर शिराज लिहितो, दुसरा सिरा. द्राक्ष एकच. टेस्टिंग रूममध्ये पाहुण्याने फरक विचारला की आपली मुले छताकडे बघतात. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करायला एक अर्ज लागतो, जीआय-३. २०२० च्या दुरुस्तीनंतर त्याची फी १० रुपये आहे. दहा! एका कटिंग चहाच्या भावात. तुमच्यापैकी किती जणांनी तो भरला? अनुदानाच्या फाइलसाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवणारे आपण, या एका कागदासाठी ‘सीझन संपू द्या’ म्हणतो. छाटणी झाली, सीझन संपला, पुन्हा आला.

लिगुरियाचे लोक नावांचा घोळ घालतात, पण नाव सोडत नाहीत. आपण मिळालेले नाव कपाटात ठेवले आहे.

तेव्हा एक करा. आपल्या प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलाचा स्वच्छ फोटो काढा. त्यावर द्राक्षाची जात, बाग कोणत्या गावची, आणि गोड की कोरडी, हे तीन शब्द आहेत का ते बघा. नसतील तर पुढच्या छपाईत घाला. जीआय-३ भरला असेल तर पोचपावतीची प्रत आणि लेबलाचा फोटो येत्या १५ तारखेच्या आत कार्यालयाकडे पाठवा. पुढच्या अंकात भरणाऱ्यांची यादी छापू. न भरणाऱ्यांचीही छापायची का, यावर संपादक मंडळात अजून वाद चालू आहे.