परराष्ट्रांचें राजकारण आणि पावण्याचीं मुलें

परदेशांशीं संबंध कसे असावेत, जगापुढील संकटांस तोंड कसें द्यावें, ह्यांवर शोध करून टिपणें लिहिण्याचें काम आतां कॉलेजांतील विद्यार्थ्यांस देतात. चांगली गोष्ट आहे. पण तीं लिहितात कोण? बहुधा ज्यांच्या घरीं तीन पिढ्या इंग्रजी नांदत आहे त्यांचीं मुलें. आमच्या आगऱ्या-कोळ्यांच्या, कुणब्या-सुतारांच्या घरीं म्हणतात, "पोरा, आपल्याला त्या विलायती उठाठेवी कशाला?" बंधुभगिनींनो, त्या उठाठेवींचें देणें आजवर आपल्याच दारीं आलें आहे!

रुपयाचेंच पाहा. पहिल्या महायुद्धापूर्वीं 16 पेन्सांस असलेला रुपया सरकारनें 1927 सालीं कायद्यानें 18 पेन्सांवर बांधला. विलायतेंत 144 पेन्सांस विकलेल्या कापसाचे जुन्या भावानें 9 रुपये होत, नव्यानें 8 च. कापूस तोच, घाम तोच. एक रुपया गेला कोठें, हें वऱ्हाडच्या कुणब्यास कोण सांगणार? ह्या चलनाच्या प्रश्नाची मुळापासून छाननी एका विद्यार्थ्यानें केली होती, आणि तो कांहीं शेटजी-भटजींच्या घरचा नव्हता. अस्पृश्य मानलेल्या घरीं जन्मलेले भीमराव आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 सालीं अमेरिकेस गेले. पुढें लंडनच्या अभ्यासास शाहू छत्रपतींनींहि हातभार लावला. 1923 सालीं त्यांचा रुपयावरील प्रबंध ग्रंथरूपानें निघाला, आणि 1925 सालीं रॉयल कमिशनानें ह्याच प्रश्नावर त्यांची साक्ष घेतली.

आतां पावण्याकडे या. ठाणें-बेलापूर रस्त्याच्या ह्या पट्ट्यांत जेथें भात पिके, तेथें एम.आय.डी.सी.चे रसायनांचे कारखाने आहेत. नव्या मुंबईसाठीं जमिनी गेल्या, दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखालीं 1984 च्या जानेवारींत उरण भागांत पांच शेतकऱ्यांनीं प्राण दिले, तेव्हां कोठें पुढें साडेबारा टक्के पदरांत पडले.

जमिनीमागून आतां खाडी. 1971 सालीं इराणांतील रामसर गांवीं पाणथळ जागांविषयीं राष्ट्रांचा करार झाला. 2022 सालीं ठाण्याची खाडी त्या यादींत आली. रोहित पक्ष्यांचीं चित्रें सर्वत्र झळकलीं. जाळें टाकणाऱ्याचें काय? पाणथळीचा शहाणपणानें उपयोग करण्यास त्या करारांत जागा आहे. पिढ्यान्‌पिढ्या तेथें पोट भरणाऱ्यांस हांकून लावा, असें तो सांगत नाहीं. पण हें कोळीवाड्यांत किती जणांस ठाऊक?

पावणें, कोपरखैरणें, घणसोली येथील कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं हें काम उचलावें. कोणती मासळी केव्हांपासून जाळ्यांत येईनाशी झाली, तें म्हाताऱ्या कोळणींस विचारावें. त्यांच्याएवढी माहिती कोणत्याहि साहेबाच्या दप्तरांत मिळणार नाहीं. नाल्यांतून खाडींत काय येतें, कारखान्यांचा माल कोणत्या देशीं जातो, तें शोधावें. जें पाणी तिकडचें गिऱ्हाईक आपल्या नदींत सोडूं देणार नाहीं, तें येथें सुटत असेल, तर तो परराष्ट्रसंबंधाचा प्रश्न नव्हे काय? टिपण मराठींत लिहावें, आधीं देवळापुढें वाचावें, मग दिल्लीस धाडावें.

खर्चाचें म्हणाल, तर हळदीच्या एका मांडवांत वाजंत्र्यावर व जेवणावळींवर जें उडतें, त्यांत एका मुलाचा वर्षाचा अभ्यास सहज भागेल. गांवकीनें ह्याच लग्नसराईपासून वर्गणी काढावी. पहिलें टिपण हातीं येतांच आम्ही तें ह्या पानावर अक्षरही न गाळतां छापूं.