रकाना अरुंद, रक्कम मोठी

तेंदूपत्त्याचा हंगाम आटोपला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रामसभांत एक्सेलमध्ये केलेली हिशेबाची पत्रकं छापून भिंतीवर लागतात. 'एकूण रक्कम' या रकान्यात कधी कधी रकमेऐवजी #### अशी रांग उमटते आणि कुजबुज सुरू होते, की आकडा लपवला. आकडा शाबूत असतो, फक्त त्याला जागा पुरलेली नसते. मजकूर मावला नाही तर एक्सेल तो शेजारच्या रिकाम्या सेलवर पसरू देतं. रकमेला ती मुभा नाही. १२,५४,००० मधला शेवटचं शून्य कापलं गेलं तर वाचणाऱ्याच्या हाती सव्वा लाख उरतील. त्यापेक्षा काहीच न दाखवणं बरं, आणि म्हणून हे हॅश मला प्रामाणिक वाटतात.

नव्या शीटमधला कॉलम जेमतेम साडेआठ अंकांच्या रुंदीचा असतो. वरची रक्कम स्वल्पविराम आणि पैशांसह लिहिली तर १२ जागा खाते, ₹ लावलं की १३. कॉलमच्या नावाशेजारच्या उजव्या रेषेवर डबल क्लिक करा, रुंदी आपोआप बसते. छापण्याआधी प्रिंट प्रिव्ह्यू मात्र बघाच. पडद्यावर नीट दिसणारी रक्कम कागदावर हॅश होऊ शकते.

खरी भीती गप्प राहणाऱ्या 'जनरल' फॉरमॅटची आहे. जागा कमी पडली की तो दशांश गुपचूप पूर्णांकात बदलून दाखवतो. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १८०९.६१ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हाच आकडा चार अंकांच्या रकान्यात १८१० दिसेल. एकरभर जंगल कागदावर वाढलं आणि कुणी हू की चू केलं नाही! वैयक्तिक वनहक्काच्या दाव्यांत तर हे फारच जिव्हारी लागतं. ०.८१ हेक्टर म्हणजे दोन एकर. रकाना आवळला की तिथे १ दिसतो, आणि पट्ट्यावर एक, यादीत दुसरंच, असा घोळ माणसाला तहसीलच्या खेपा घालायला लावतो. क्षेत्राच्या रकान्याला दोन दशांशांचा 'नंबर' फॉरमॅट द्या. मग जागा अपुरी पडल्यास हॅश येतील आणि चूक डोळ्यांना दिसेल.

बँक खात्याचे क्रमांक त्याहून नाजूक. १२ अंकी क्रमांक 'जनरल'मध्ये १.२३E+११ अशा रूपात आक्रसतो. १६ अंकी असेल तर शेवटचा अंक कायमचा शून्य होतो, कारण एक्सेल १५ अंकांपुढे काही लक्षात ठेवत नाही. सुरुवातीचं शून्यही गळतं. ज्या बाईने मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्त्याचे पुडे बांधून संकलनाच्या फळीवर मोजून दिले, तिची मजुरी त्या एका अंकापायी परत जाते. टाइप करण्याआधीच तो कॉलम 'टेक्स्ट' करा. नंतर केलं तरी गेलेला अंक परत येत नाही.

रुंदी वाचवायला काही जण 'रुपये लाखांत' असं शीर्षक देतात. जिल्ह्याच्या अहवालात ते चालेल. ग्रामसभेत ३,४५० रुपयांची मजुरी ०.०३ झाली तर ती कुणी कशाशी ताडून बघायची? 'श्रिंक टू फिट'चंही तेच. आकडे मुंगीएवढे होतात आणि चष्मा नसलेला म्हातारा भिंतीपासून तसाच परततो.

जागा मुळात कमी नसतेच. अशी पत्रकं उघडून बघा, सर्वांत रुंद रकाना 'शेरा' आणि तो वरपासून खालपर्यंत कोरा! लांबलचक शीर्षकं 'रॅप टेक्स्ट'ने दोन ओळींत घ्या, शेरा निम्मा करा, कागद आडवा लावा. रकमेला ऐसपैस जागा मिळते. स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने, लाख-कोटींचे हवेत. त्यासाठी विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये भारत निवडावं लागतं; नाहीतर १,२५४,००० असा आकडा छापून येतो आणि मोठ्याने वाचणारा अडखळतो.

२७ एप्रिल २०११ रोजी मेंढ्याच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक आलं. जंगलाचा पैसा तेव्हापासून गावाच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागला, आणि हिशेब लिहिण्याचं कामही गावाकडेच आलं. वनहक्काच्या प्रशिक्षणांत कायद्याची कलमं शिकवतात, ते हवंच. त्यात एक दुपार या रकान्यांसाठी ठेवा. गावातल्या बारावी झालेल्या पोरापोरींना संगणकापुढे बसवा आणि त्यांनी छापलेलं पत्रक वाटपाच्या आधी ग्रामसभेत गोंडीत, मराठीत वाचून पासबुकाशी जुळवून घ्या.