पाण्याच्या वाटेनें

आमचा पुतण्या बायकामुलांसह परदेशीं असतो. गेल्या वर्षीं ही मंडळी मेक्सिको देशाच्या युकातान प्रांतांत सहलीस जाऊन आली आणि यंदा नाताळच्या सुट्टींत कशेडीस घरीं आल्यावर पहिल्याच रात्रीं माजघरांत बसून त्यांनीं तेथील छायाचित्रें आम्हां सर्वांस दाखविलीं. सकाळीं मोटार दाराशीं येते, वाटाड्या बरोबर असतो, माया लोकांच्या ओसाड नगरींतील पायऱ्यापायऱ्यांचीं देवळें तो समजावून सांगतो आणि दुपारीं जमिनीच्या पोटांतील एखाद्या निळ्या डोहांत पोहावयास सोडतो. सूर्यास्ताला माणूस मुक्कामाला परत! आत्याबाईंनीं हें सर्व चष्मा पुसून पुसून पाहिलें व शेवटीं एवढेंच विचारलें, "जमिनीखाली एवढं पाणी, मग वर नद्या कशा दिसत नाहीत?"

प्रश्न साधा वाटला, तरी नेमका होता. त्या प्रांताचा खडक चुनखडीचा. पावसाचें पाणी त्यांत मुरतें, खडक विरघळवीत जातें, आंत पोकळ्या होतात आणि एखाद्या ठिकाणीं छत कोसळलें कीं खालचें पाणी उघडें पडतें. तेच हे डोह. भूपृष्ठावर नदी जवळजवळ नाहीं, म्हणून माया लोकांचीं नगरें या डोहांच्या आश्रयानें वसलीं. चिचेन इत्झा या प्रसिद्ध नगरीच्या नांवाचा अर्थच मुळीं 'इत्झांच्या विहिरीच्या तोंडाशीं' असा आहे. पिण्याचें पाणी तेंच, देवाला वस्तू अर्पण करण्याची जागाहि तीच.

"आपल्याकडे असं काही नाही का?" धाकट्यानें विचारलें. या प्रश्नाला 'आपल्याकडे सगळें आहे' असें छातीठोक उत्तर देण्याची आपल्या घरांतून रीत आहे. तें मीं दिलें, आणि तें खरें करून दाखविण्याचें कामहि मग माझ्याच गळ्यांत आलें.

तसें पाहिलें तर आपला खडक अगदीं निराळा. सह्याद्रीचा काळा पाषाण पाण्यानें विरघळत नाहीं. त्यांत डोह व्हावयाचा तर तो माणसानें छिन्नीनें खोदावा लागतो. परंतु याच पाषाणाला खोलवर भेगा आहेत, आणि समुद्रकिनाऱ्याला समांतर अशा एका पट्ट्यांत त्या भेगांतून ऊन पाणी वर येतें. वज्रेश्वरी-अकलोली, पालीजवळचें उन्हेरें, महाडजवळचें सव, दापोलीकडील उन्हवरें, पुढें आरवली, तुरळ, राजापूर हीं सगळीं एकाच माळेंतलीं. पावसाचें पाणी खोल उतरतें, तेथें पृथ्वीच्या उष्णतेनें तापतें व वाट सांपडेल तेथें उसळून येतें. म्हणजे लेणीं आणि ऊन पाणी असा बेत एका दिवसांत बसत होता. उरला प्रश्न वाटाड्याचा.

पोलादपुराकडील एक निवृत्त शिक्षक हौशीनें पाहुण्यांना महाडचा परिसर दाखवितात असें कळलें. निरोप धाडतांच ते दुसऱ्या दिवशीं सकाळीं साडेसहाला एस. टी.नें हजर झाले. अंगांत स्वच्छ पांढरा सदरा, खांद्याला शबनम, हातांत पाण्याची बाटली. दराचें विचारलें तर म्हणाले, "संध्याकाळी द्या. दिवस आवडला नाही तर कमी द्या."

आत्याबाईंनीं ओसरीवर त्यांची चौकशी केली. गांव कोणतें, शाळा कोणती, आणि मग तें ठरलेलें, "आडनाव काय आपलं?" त्यांनीं सांगितलें. आत्याबाई "बरं" म्हणून आंत आल्या. घटकेनें चहा बाहेर गेला तो आमच्या हिरव्या कांठाच्या कपांतून नव्हे. कोनाड्यांत वेगळा ठेवलेल्या, कान तुटक्या पांढऱ्या कपांतून. मीं पाहिलें. सूनबाईनेंहि पाहिलें व माझ्याकडे पाहिलें. मी कांहीं बोललें नाहीं. गुरुजींनीं चहा घेतला, कप स्वतः विसळून पायरीवर पालथा ठेवला व मोटारींत पुढें जाऊन बसले. हें येथें लिहावें कीं न लिहावें याचा मीं चार दिवस विचार केला आहे.

घाट उतरतांना गुरुजींनीं मुलांना जुना वळणांचा रस्ता दाखविला. आतां बोगदा झाल्यापासून पुष्कळ गाड्या डोंगराच्या पोटांतूनच जातात आणि घाट काय चीज होती हें नव्या मुलांना ठाऊकहि होणार नाहीं. पोलादपुरास 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधि आहे. तेथें हात जोडून पुढें निघालों. महाडच्या आधीं सावित्रीवरच्या नव्या पुलावर गुरुजी गप्प झाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत येथला इंग्रजी अमदानींतला दगडी पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एस. टी.च्या दोन गाड्याहि गेल्या, हें आत्याबाईंनींच मुलांना सांगितलें. मुलांना नदींत उतरावयाचें होतें. "हिच्यात मगरी आहेत," गुरुजी म्हणाले, "आणि भरतीचं पाणीही वर चढतं. नदी लांबून बघायची." मगरी खऱ्या आहेत, सावित्रीच्या कांठावर उन्हांत पडलेल्या त्या महाडकरांच्या नित्य पाहण्यांतल्या.

महाड ओलांडून मुंबईच्या वाटेवर थोडें गेलें कीं गांधारपालें. सावित्री आणि गांधारी यांच्या संगमावर नजर ठेवून बसलेल्या डोंगरांत हीं लेणीं आहेत, संख्येनें सुमारें तीस. लोक यांना पांडवलेणीं म्हणतात. पांडवांचा संबंध अर्थात् कांहीं नाहीं, तीं बौद्ध भिक्षूंच्या वस्तीचीं. आपल्या लोकांना डोंगरांत कोरलेलें कांहींहि दिसलें कीं भीमाची आठवण होते ही एक गंमतच! पायऱ्या चांगल्या आहेत. आत्याबाई ऐंशीच्या पुढच्या, तरी काठी टेकीत व दोनदां बसत वर आल्या. वरच्या मोठ्या लेण्याचे ओसरीचे खांब बरेचसे ओबडधोबड चौकोनीच राहिले आहेत. कारागिरांचें काम कां थांबलें असेल यावर मुलांचा बराच खल झाला. आंत गाभाऱ्यांत बुद्धाची बैठी मूर्ति, खालीं चक्र व हरणें. घोळका नव्हता, वटवाघळांचा वास मात्र होता. विजेरी अवश्य न्यावी.

पण गुरुजींचें खरें मन शिलालेखांत होतें. एका लेखाजवळ उभे राहून त्यांनीं त्यांतील मजकूर सोप्या मराठींत सांगितला: काणभोअ व्हेणुपालित नांवाच्या कुमारानें हें लेणें दिलें, चैत्यघर दिलें, आठ ओवऱ्या दिल्या, आणि लेण्याच्या दोहों बाजूंस पाण्याच्या पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे खडकांत खोदलेलें टांकें. प्राकृतांतला हा शब्द लेण्यांच्या अभ्यासकांनीं आजहि जसाच्या तसा ठेवला आहे. "राजपुत्र दान देताना पाण्याचा हिशेब वेगळा लिहितो बघा," गुरुजी म्हणाले. "घर दिलं आणि पाणी दिलं नाही, तर घर दिलंच नाही." पोढींत पाणी होतें, शेवाळलेलें. थोरल्या मुलीनें वांकून पाहिलें व विचारलें, "हे पाणी कुणी कुणी प्यायचं?"

"भिक्षू प्यायचे. आणि भिक्षू कोणीही होऊ शकत असे."

"आणि बाकीच्या तळ्यांतलं?"

गुरुजी हंसले. "बाकीचं तळं महाडात आहे. वेळ असला तर दाखवतो." त्यांनीं विचारलें पुतण्याला, पण पाहिलें आत्याबाईंकडे. आमच्या यादींत वीरेश्वराचें दर्शन होतें, चवदार तळें नव्हतें. तीं दोन्ही एकाच गांवांत असून आमच्या घरची यादी तीन पिढ्या तशीच चालत आली आहे.

जेवण उरकून आम्ही तळ्यावर गेलों. बांधीव कांठ, पायऱ्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. दर वर्षीं २० मार्चला येथें माणसांचा महापूर लोटतो. आम्ही गेलों त्या दिवशीं दुपारचीं चार मुलें आणि एक भेळवाला एवढेच होते. गुरुजींनीं हकीकत सांगितली ती वर्गांत सांगावी तशी, आवाज न चढवितां. १९२३ सालीं मुंबई कायदेमंडळांत रावबहादूर बोले यांचा ठराव झाला कीं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे असावेत. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं तसा ठरावहि केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजीं परिषदेची माणसें शांतपणें रांगेनें चालत या कांठावर आलीं, बाबासाहेबांनीं ओंजळभर पाणी घेतलें, मागोमाग इतरांनीं घेतलें. मुसलमान हें पाणी नेत, गुरेंढोरें पीत. तेव्हां कोणाचें कांहीं बिघडत नसे. नंतर गांवांत आवई उठली कीं आतां हे लोक वीरेश्वराच्या देवळांत शिरणार, आणि परत निघालेल्या माणसांवर, बायकामुलांवर लाठ्या पडल्या. पुढें शेण, गोमूत्र, दूध, दहीं कालवलेल्या घागरी मंत्र म्हणून ओतण्यांत आल्या व तळें 'शुद्ध' झालें. डिसेंबरांत दुसरी परिषद भरली तिच्यांत २५ तारखेस मनुस्मृतीचें दहन झालें. तो ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जातीनें ब्राह्मण होते, हेंहि गुरुजींनीं मुद्दाम सांगितलें. आमचें समाधान व्हावें म्हणून सांगितलें असावें. मला तें सांगण्याची पाळी त्यांच्यावर यावी याचेंच वाईट वाटलें. तळें खाजगी आहे असा दावा गांवच्या कांहीं मंडळींनीं लावला होता. तो चालला दहा वर्षें. १७ मार्च १९३७ रोजीं उच्च न्यायालयानें निकाल दिला कीं अस्पृश्यांना मज्जाव करण्याची कोणतीहि अनादि वहिवाट सिद्ध होत नाहीं. न्यायमूर्ति होते ब्रूमफील्ड; गांधीजींना १९२२ सालीं शिक्षा सुनावणारे तेच.

धाकट्यानें विचारलें, "शेणानं पाणी स्वच्छ कसं होईल?"

कोणी बोललें नाहीं. आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांचें सासर महाडचें. त्या पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "आमच्या घरचं दही गेलं होतं. सासूबाई सांगायच्या. मोठी कासंडी भरून. परत आली तेव्हा घासून घेतली म्हणायच्या." इतक्या वर्षांत हें मीं कधीं ऐकलें नव्हतें, आणि घरांत दुसऱ्या कोणीं ऐकलें असेल असें वाटत नाहीं.

गुरुजी कांहीं वेळानें म्हणाले, "माझे आजोबा त्या रांगेत होते. डोक्याला चार टाके होते त्यांच्या. पण ते टाके दाखवायचे नाहीत, पाणी कसं लागलं ते सांगायचे."

"कसं लागलं म्हणत?" आत्याबाईंनीं विचारलें.

"गोड नव्हतं म्हणत. साधंच होतं."

सव तेथून दूर नाहीं. सावित्रीच्या कांठचे हे झरे; पाण्याला गंधकाचा वास, आणि प्रथम पाय घालतां चटका बसतो. मुलांना ही मजा अर्थातच सर्वांत मोठी वाटली. सूचना म्हणून दोन गोष्टी सांगतें. एक, भर जेवणावर ऊन पाण्यांत उतरूं नये. आम्ही उतरलों आणि पुतण्याला घेरी आली. दुसरी, लहानांना व वृद्धांना फार वेळ बसूं देऊं नये, पाय शेकले कीं पुरे. असें पाणी त्वचेच्या विकारांवर उपयोगी म्हणतात. त्यावर माझा फारसा भरंवसा नाहीं, परंतु आत्याबाईंचे गुडघे त्या रात्रीं दुखले नाहींत हें खरें. त्या पाय सोडून बसल्या होत्या तेथेंच पलीकडे गुरुजीहि विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसले, आणि दोघांचें संधिवातावर बराच वेळ बोलणें चाललें.

परत येतांना संध्याकाळचे सात झाले. पुतण्यानें ठरल्याहून जास्त पैसे पुढें केले. गुरुजींनीं वरचे मोजून परत दिले. मीं चहाला थांबा म्हटलें. "शेवटची गाडी चुकेल," ते म्हणाले, "पुढच्या खेपेला घेईन." गाडीला अजून पाऊण तास होता हें त्यांना ठाऊक होतें आणि मलाहि ठाऊक होतें.

रात्रीं भांडीं आवरतांना आत्याबाईंनीं कोनाड्यांतला तो कप काढावयास सांगितला. कोठें ठेवूं म्हणून विचारलें. "टाकून दे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानें अंथरुणावरून हांक मारून म्हणाल्या, "टाकू नको, नवे सहा आण, सारखे. हिरव्या काठाचे आता मिळायचे नाहीत."

कप आणले आहेत. गुरुजींना माघांत पुन्हां बोलावलें आहे. सावित्रीपलीकडील कोलचीं लेणीं राहिलीं, आणि थोरलीला पोढीवरची अक्षरें उतरून घ्यावयाचीं आहेत. सुट्टी संपून तीं मुलें परत गेलीं असलीं तरी त्याला इलाज नाहीं. अक्षरें मीच उतरून पाठविणार आहें. ते येतात कीं नाहीं तें पुढील महिन्यांत कळवीन.