साडेसात केबी आणि साडेसाती

सॉफ्टवेअर रेडवरचा बिटमॅप बंद करणाऱ्या तमाम ट्यूनिंगबहाद्दरांनो, आज जरा तुमच्याशीच भांडायचंय.

परवा ओळखीच्या एका ऑफिसात वीज गेली आणि यूपीएसनेही मान टाकली. लिनक्स सर्व्हर, ४ टीबीच्या चार डिस्क, रेड ५. वीज आली, मशीन उठलं आणि रीसिंक सुरू झालं. पहिल्या ब्लॉकपासून शेवटच्यापर्यंत, सगळं! कारण? 'राइट फास्ट होतात' म्हणून कुणीतरी राइट-इंटेंट बिटमॅप काढून टाकला होता.

आता हिशोब करा. सेकंदाला १५० एमबी धरले तरी ४ टीबीला साधारण साडेसात तास. तेही सर्व्हर रिकामा असेल तर. लोक काम करत असतील तर रीसिंक मागे सरकतो. त्याचा डीफॉल्ट किमान वेग सेकंदाला फक्त १००० केबी आहे. आणि या वेळात एखादी डिस्क गेली तर? जिथली पॅरिटी अजून जुळवलेली नाही, तिथला डेटा चुकीचा बनू शकतो. त्या अवस्थेत मशीन पुन्हा बंद पडलं, तर कर्नल असा ॲरे आपणहून सुरूच करत नाही. मग बसा देव पाण्यात घालून.

खरं तर वीज गेली त्या क्षणी लिहिणं मूठभर ठिकाणीच चालू होतं. बिटमॅप एवढंच लक्षात ठेवतो. एखाद्या भागात लिहिण्याआधी त्याचा बिट डिस्कवर लावायचा, मग लिहायचं, सगळं शांत झालं की सावकाश बिट पुसायचा. वाणी हिशोब लिहिताना अर्धवट पानात खूण घालतो, तसंच. दिवे गेले तर ती पानं तपासायची, अख्खी वही नाही. ६४ एमबीला एक बिट धरला तर ४ टीबीला साठ हजार बिट, म्हणजे जेमतेम साडेसात केबी! ही सोय कर्नलमध्ये २००५ पासून आहे.

'पण राइट स्लो होतात ना!' होतात, मान्य. स्वच्छ भागातल्या पहिल्या राइटला एक जादा राइट लागतो, आणि फिरत्या डिस्कवर विखुरलेल्या छोट्या राइट्सना तो जाणवतो. मग बिटमागचा चंक मोठा करा की! खूण जाड करा, वही कशाला फाडता?

'आमच्याकडे यूपीएस आहे.' कर्नल पॅनिकला यूपीएस काय करणार? आणि केबल सैल होऊन डिस्क बाहेर पडली तर? बिटमॅप असेल तर ती परत जोडल्यावर फक्त मधल्या काळात बदललेले भागच सिंक होतात.

बिटमॅप सर्वरोगहारी नाही, हेही खरं. नवी डिस्क घातली तर पूर्ण रीबिल्ड अटळ आहे. रेड ५ चं राइट होलही तो बुजवत नाही; त्यासाठी २०१६ मध्ये जर्नल आणि २०१७ मध्ये पीपीएल आलं. पण म्हणून छत्री फेकून पावसात भिजायचं?

असो. /प्रोक/एमडीस्टॅट उघडा आणि बिटमॅपची ओळ दिसते का बघा. नसेल तर एमडीॲडमच्या एका कमांडने चालू ॲरेवर लावता येतो, रीबूट नको. मात्र रीसिंक चालू असताना लावता येत नाही. त्या ऑफिसात नेमकं तेव्हाच सगळ्यांना बिटमॅप आठवला.