बोलता येत नाही म्हणून...

तोंडाच्या कर्करोगाचे ऑपरेशन पार पडले की घरच्यांना वाटते, सुटलो बुवा. मग काही दिवसांनी काढलेल्या भागाचा तपासणी-रिपोर्ट येतो आणि डॉक्टर म्हणतात, "शेक द्यावा लागेल." शेक म्हणजे रेडिएशन. आता हे ठरवतो कोण? मुलगा, जावई, पुण्याचा मामेभाऊ. रुग्ण नाकात नळी घालून खाटेवर. जिभेवर शस्त्रक्रिया झालेली, बोलता येत नाही, म्हणजे जणू त्याला ऐकूही येत नाही! माझे मत स्पष्ट आहे. रिपोर्ट त्याचा आहे, आधी त्यालाच समजावून सांगा.

त्यात न समजण्यासारखे फारसे नसते. रोग किती खोल गेला होता, त्याच्याभोवती निरोगी मांसाची कड किती मिलिमीटर सुटली, मानेतल्या किती गाठींत तो पोचला, गाठीचे आवरण फोडून बाहेर आला का. सगळे बरे निघाले तर पुष्कळदा पुढे काहीच लागत नाही. मानेत सापडला तर बहुतेक वेळा शेक. आवरण फुटलेले असेल किंवा कडेवरच रोग असेल, तर शेकाबरोबर सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध. २००४ साली युरोप-अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या, तेव्हापासून ही रीत रुळली.

"बघू, आधी अंगात ताकद येऊ दे" हे वाक्य नेहमी कानावर येते. मायेचेच असते. पण शेक ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो, आणि त्याआधी दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन खराब दात काढून जखम भरायला हवी (शेकानंतर दात काढला तर जबड्याचे हाड खराब होण्याची भीती असते). तेव्हा नुसते थांबणे हाही निर्णयच झाला, रुग्णाला न विचारता घेतलेला.

माझ्या एका स्नेह्यांना मी पाटी-पेन्सिल नेऊन दिली. मास्तरकीची सवय! आवरण फुटल्याचे रिपोर्टात होते. त्यांनी पहिला प्रश्न लिहिला, "भाकरी खाता येईल का?" मुलगा खाली बघत राहिला. डॉक्टरांनी खरे ते सांगितले. सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस यायचे. तोंड सोलवटेल, चव जाईल, लाळ कमी होईल आणि ती पुरती परत येईलच असे नाही. भाकरी बहुधा कालवूनच. शेक न घेतला तर रोग उलटण्याचा धोका बराच जास्त. स्नेह्यांनी पाटी पुसली आणि लिहिले, "शेक घेतो. केमो नको." वय चौऱ्याहत्तर, मूत्रपिंडे थकलेली. डॉक्टरांनाही पटले.

मुलगा मात्र माझ्याशी अजून नीट बोलत नाही. त्याच्या मते केमो घ्यायलाच हवी होती, आणि मी पाटी आणली नसती तर घेतलीही गेली असती. हे दुसरे खरेच आहे. स्नेही आता दुधात कुस्करलेली भाकरी खातात. मिरचीचा ठेचा सोसत नाही, एवढे एक दुःख पाटीवर अधूनमधून उमटते.