पार्स झालं, म्हणजे झालं?

मंडळी, आपल्या धंद्यात एक वाक्य फार बोकाळलंय : "पार्स होतंय ना, मग ग्रामर बरोबर आहे!" माझं भांडण या वाक्याशी आहे.

समजा, पेणच्या एखाद्या गणपती कारखान्यासाठी बिलाचे नियम लिहायची छोटीशी भाषा करायची आहे. मूर्ती १०,००० ची, ॲडव्हान्स ४,०००, सूट १,०००. कारखानदार लिहिणार : १०००० - ४००० - १०००. बाकी ५,०००, हे शेंबडं पोरही सांगेल. पण रिकर्सिव्ह डिसेंट पार्सरला लेफ्ट रिकर्शन झेपत नाही, म्हणून आपले हुशार इंजिनिअर नियम उलटा करतात : आधी एक पद, मग वजा, मग उरलेलं सगळं. पार्स होतं, टेस्ट हिरवी. बिल मात्र ७,००० चं! कारण आधी ४००० मधून १००० गेले. गिऱ्हाइकाने वरचे दोन हजार का भरायचे? पदं लूपमध्ये गोळा करून डावीकडून वजा करत जायला असे कितीसे कष्ट पडतात?

दुसरं उदाहरण. मूर्ती पोचवायचे दर : "रोहा" किंवा "रोहा धाटाव". पायपार्सिंगमधली उभी रेघ पहिला जुळणारा पर्याय घेऊन मोकळी होते, त्यामुळे एमआयडीसीत जाणाऱ्या टेंपोला भाडं मिळतं रोह्यापर्यंतचंच. पार्स-ऑल चालू नसेल तर उरलेल्या "धाटाव"बद्दल लायब्ररी हूं की चूं करत नाही. लांबचा पर्याय आधी लिहा, नाहीतर सर्वात लांब जुळणी निवडणारं टोपीचं चिन्ह वापरा.

याक निदान शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट म्हणून बोंबलतो तरी. आपण काय करतो? ती वॉर्निंगच दाबून टाकतो.

"पाणिनी पहिला प्रोग्रामर" असले फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी त्याच्याकडून एवढं तरी शिकावं. दोन नियम भिडले तर काय करायचं, हे त्याने अष्टाध्यायीतच सांगून ठेवलंय. परंपरेने लावलेला अर्थ असा, की नंतरचा नियम जिंकतो. ब्रायन फोर्डच्या २००४ च्या पीईजीत पहिला जिंकतो. कोणीही जिंको, पण आपण ठरवलंय म्हणून जिंको!

तेव्हा टेस्टमध्ये नुसतं "पार्स झालं" तपासू नका. झाड छापून बघा, उत्तराचा आकडा ताडून बघा, आणि नापास व्हायलाच हवीत अशी दहा-वीस वाक्यं मुद्दाम घाला. एवढाही कंटाळा असेल तर कारखानदाराला त्याची वही परत द्या. तिच्यात वजाबाकी बरोबर होते.